जुनी मायक्रोकार: ओढ कशाची, आणि घेण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: इसेटा, मेसरश्मिट, गोगोमोबिल, जुनी फियाट 500 यांसारख्या इवल्याशा गाड्यांचं लोकांना एवढं वेड का असतं? त्यातली एखादी घ्यायचीच झाली तर कोणती घ्यावी, काय तपासावं, आणि ती रोज चालवता येईल का?

ओढ कशाची ते आधी सांगतो, कारण तपासणीही त्यातूनच निघते. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात पोलाद महाग होतं, पेट्रोल महाग होतं आणि लोकांचे खिसे रिकामे होते. त्या काळात गाडी बनवणाऱ्यांनी एकेक भाग हातात घेऊन विचारलं, की हा नसला तर चालेल का? डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) काढलं, दरवाजा एकच ठेवला, स्टार्टर आणि बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो एकाच यंत्रात बसवले, काहींनी रिव्हर्स गिअरही वगळला. या गाड्या मोठ्या गाडीच्या लहान प्रती नव्हेत. जे काढलं त्याची भरपाई कशी केली, ते डोळ्यांना दिसतं आणि पान्याने उघडता येतं. तिथेच मन अडकतं. पण गाडी बिघडते तीही त्याच जागी, जिथे एका भागावर दोन भागांचं काम टाकलेलं असतं.

इसेटाच घ्या. मूळ गाडी इटलीतल्या इसो कंपनीची, 1953 सालची. ही कंपनी फ्रिज आणि स्कूटर बनवायची. बीएमडब्ल्यूने परवाना घेऊन 1955 ते 1962 या काळात दीड लाखाहून जास्त इसेटा बनवल्या आणि त्यात आपल्या मोटरसायकलचं 247 सीसीचं एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन बसवलं. ताकद 12 अश्वशक्ती, वेग ताशी 85 किलोमीटर, वजन साधारण 350 किलो. गाडीचं संपूर्ण तोंड म्हणजेच दरवाजा. तो उघडला की स्टिअरिंगही त्याच्याबरोबर बाहेर झुलतं, कारण स्टिअरिंगच्या दांड्यात सांधा आहे. मागची दोन चाकं इतकी जवळ आहेत की वळताना आतल्या आणि बाहेरच्या चाकाच्या फेऱ्यांत फारसा फरक पडत नाही, म्हणून डिफरन्शियलची गरजच उरली नाही. समोरून धडक बसून दार अडकलंच तर बाहेर पडायला वरचं कापडी छत आहे.

मेसरश्मिट केआर 200 (1955 ते 1964) त्याहून टोकाची. वजन 230 किलोच्या आसपास, एकामागे एक बसायचं, डोक्यावर पारदर्शक घुमट. हिचा आराखडा फ्रिट्झ फेंड यांचा, आणि गाडी तयार व्हायची ती ज्या विमान कंपनीला युद्धानंतर विमानं बनवायला बंदी होती तिच्या रेगेन्सबुर्गच्या कारखान्यात. 191 सीसीचं झाक्स कंपनीचं टू-स्ट्रोक इंजिन (व्हॉल्व्ह नसलेलं, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारं), जेमतेम 10 अश्वशक्ती. तरीही 1955 मध्ये हॉकेनहाइमच्या ट्रॅकवर हिच्या खास तयार केलेल्या गाडीने 24 तास ताशी 103 किलोमीटरच्या सरासरीने पळून आपल्या वर्गातले विक्रम मोडले.

हिचा रिव्हर्स समजून घेण्यासारखा आहे. गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स गिअर नाहीच. इंजिन बंद करायचं, किल्ली आणखी आत दाबून पुन्हा स्टार्ट करायचं, की इंजिन उलट्या दिशेने फिरतं आणि पुढचे चारही गिअर मागे जायला मिळतात. फोर-स्ट्रोकमध्ये हे जमणार नाही, कारण तिथे कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) व्हॉल्व्हची वेळ एकाच दिशेसाठी ठरवतो. या टू-स्ट्रोकमध्ये पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली भोकं) उघडतो आणि मिटतो तो पिस्टनच. पिस्टन कुठल्याही बाजूने आला तरी पोर्टची वेळ तीच राहते. बदलावी लागते ती फक्त ठिणगीची वेळ, म्हणून आत पॉइंटचा (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या विद्युत संपर्कांचा) दुसरा संच बसवलेला असतो. ही गाडी बघायला जाल तेव्हा रिव्हर्स करून दाखवायला आवर्जून सांगा. पुढे नीट जाणारी पण मागे जाताना अडखळणारी गाडी म्हणजे दुसरा पॉइंट संच कुणी वर्षानुवर्षं हातात घेतलेला नाही.

कर आणि परवान्याचे नियम हेही या गाड्यांच्या जन्माचं मोठं कारण. जर्मनीत 250 सीसीपर्यंतच्या वाहनांसाठी वेगळा, सोपा परवाना होता. गोगोमोबिलचं 247 सीसीचं इंजिन त्या रेषेच्या आत बसेल असंच केलेलं. ब्रिटनमध्ये तीन चाकांना कर कमी, म्हणून तिथे इसेटाही तीन चाकांवर आली. जपानमध्ये सरकारनेच केई नावाचा वर्ग आखला. 360 सीसीच्या त्या मर्यादेत 1958 ची सुबारू 360 जन्मली. पुढे मर्यादा 1976 मध्ये 550 आणि 1990 मध्ये 660 सीसी झाली, आणि तो वर्ग आजही जिवंत आहे. युरोपात 1956 च्या सुएझ संकटाने पेट्रोल अडलं तेव्हा या गाड्यांना तेजी आली. पण 1957 ची फियाट 500 आणि 1959 ची मिनी यांनी चार माणसं बसवून दाखवली, आणि बुडबुड्यासारख्या गाड्यांचा बाजार संपत गेला.

आता कोणती घ्यावी. पहिलीच जुनी छोटी गाडी असेल तर माझा स्पष्ट कौल फियाट 500 किंवा मिनीला. दोन्हींचे पत्र्यापासून रबरापर्यंत जवळजवळ सगळे भाग नव्याने बनतात. इसेटा आणि गोगोमोबिलचे इंजिनाचे भाग चाहत्यांच्या क्लबांमार्फत मिळतात. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: वाकडी काच, दिव्याची भिंगं, दाराच्या कडेची पट्टी, हँडल, मेसरश्मिटचा घुमट. इंजिन बंद पण बारीकसारीक सामान पूर्ण असलेली गाडी घ्या. इंजिन सुरू पण अर्धं सामान गायब असेल तर सोडा. पिस्टन नवा बसवता येतो, हरवलेली काच मात्र वर्षानुवर्षं शोधावी लागते. पील पी 50 सारख्या गाडीच्या (137 सेंटिमीटर लांब, 59 किलो, रिव्हर्स नाही, मागच्या हँडलला धरून उचलून फिरवायची) मूळ प्रती अगदी मोजक्या आणि नकला भरपूर, त्यामुळे तिथे चासी नंबर आणि कागदपत्रं जुळल्याशिवाय व्यवहाराचं बोलूच नका.

पाहणीला जाताना लहान चुंबक, टॉर्च, जाड सुई किंवा टोचा, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या) आणि मल्टिमीटर न्या. चुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. पकड सुटली की तिथे पुट्टी आहे. इसेटात समोरच्या दाराच्या रबरातून पाणी आत येतं आणि पायाखालचा पत्रा कुजतो, म्हणून चटई उचलून चारही कोपरे टोचून बघा. दार शेवटच्या बोटभर अंतरात उचलून लावावं लागत असेल तर बिजागरी झिजली आहे किंवा पुढची चौकट वाकली आहे. दुसरं कारण असेल तर काम मोठं. फियाटमध्ये दाराखालचे सिल (उंबरठ्याचा पोकळ पत्रा), पुढच्या आडव्या पाट्याची (स्प्रिंगची) बैठक आणि पुढे बॅटरीखालचा ट्रे बघा. मिनीत मागचा सबफ्रेम (मागची चाकं धरणारी वेगळी चौकट) आणि सिल. सबफ्रेमवर नुकताच काळा डांबरी रंग मारलेला असेल तर संशय घ्या आणि तिथेच जास्त टोचा.

टू-स्ट्रोक इंजिनाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण लोक इथेच फसतात. या इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या, क्रँक फिरतो त्या पेटीत) जातं आणि तिथून वर ढकललं जातं. म्हणजे क्रँककेस हवाबंद हवाच. गाडी पाच-दहा वर्षं उभी राहिली की क्रँकचे ऑइल सील कडक होतात आणि ओठाशी चिरतात. मग बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापतो आणि पकडतो. लक्षण असं: आयडलिंगला इंजिन आपोआप वर चढतं, थ्रॉटल सोडला तरी खाली यायला वेळ लावतं, आणि कार्बोरेटर कितीही लावला तरी सेटिंग टिकत नाही. गिअरबॉक्सकडचा सील गेला असेल तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं; धूर संपत नाही आणि गिअर ऑइलची पातळी गूढपणे उतरते.

कॉम्प्रेशन गेजने हा दोष सापडत नाही, ते फक्त पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) कसे आहेत ते सांगतं. दाब देऊनच तपासावं लागतं. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून दोन्ही तोंडं रबरी पत्रा आणि लोखंडी पट्टीने बंद करा. पिस्टन खाली आणा, म्हणजे ट्रान्स्फर पोर्ट (क्रँककेसमधून वर जायची भोकं) उघडे राहतील. प्लगच्या भोकात जुन्या प्लगपासून केलेला जोड बसवा आणि त्याला रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा व डायल जोडा. डायलवर 250 (मिलिमीटर पारा) पर्यंत दाब भरा, म्हणजे साधारण 0.33 बार. त्याहून फार वर जाऊ नका, जास्त दाबाने चांगला सीलही उलटतो. काटा चार-पाच मिनिटं जवळपास जागेवर राहिला तर सील ठीक. उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते बघा. दोन सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक बाजू वेगळी तपासा. एका बाजूला भरलेला दाब दुसऱ्या बाजूला निघत असेल तर मधला सील गेला आहे, आणि त्यासाठी क्रँक पूर्ण खोलावा लागतो. विकणारा ही तपासणी करू देणार नसेल, तर सील गेलेले आहेत असं धरूनच भाव बोला.

पेट्रोलमध्ये ऑइल किती, यावर वाद होतात. केआर 200 च्या काळचं प्रमाण 1:25, म्हणजे 10 लिटरला 400 मिली. आजची टू-स्ट्रोक ऑइलं त्या काळच्या ऑइलपेक्षा खूप चांगली आहेत, म्हणून पुष्कळ जण 1:40 पर्यंत जातात, म्हणजे 10 लिटरला 250 मिली. नवीन बोअर केलेल्या इंजिनाला मात्र सुरुवातीला जुनंच प्रमाण द्या. भीतीपोटी अंदाजाने जास्त ऑइल ओतणं ही नेहमीची चूक. जेटमधून (कार्बोरेटरच्या बारीक छिद्रातून) जाणाऱ्या द्रवात ऑइल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी होतं. म्हणजे मिश्रण उलट पातळ होतं, शिवाय एक्झॉस्ट पोर्टवर कार्बन साचतो तो वेगळाच. ऑइल आणि पेट्रोल डब्यात हलवून मगच टाकीत ओता. गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. नाहीतर फ्लोट बाऊलमधलं (कार्बोरेटरच्या वाटीतलं) पेट्रोल उडून जातं, खाली नुसतं ऑइल राहतं आणि पुढच्या वेळी गाडी सुरू व्हायला रडते.

लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून इंजिनच्या जोरावर गाडी धरू नका. फोर-स्ट्रोकची ही चांगली सवय टू-स्ट्रोकला मारक आहे, कारण थ्रॉटल बंद म्हणजे ऑइलही बंद, आणि फेरे तर जोरात चालूच. अधूनमधून थ्रॉटल थोडा उघडून ऑइल आत जाऊ द्या.

हेड काढता आलं तर पिस्टन बोलतो. वरच्या बाजूला भोक किंवा वितळल्याचा खड्डा असेल तर टायमिंग (ठिणगीची वेळ) फार पुढे, चुकीचा गरम प्लग किंवा हवा ओढणं. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर अति उष्णता. पंख्याचं आवरण उघडून बघा, उंदराचं घरटं तिथे हमखास सापडतं. इनलेटच्या बाजूला ओरखडे म्हणजे ऑइल कमी पडलं. चारही कोपऱ्यांवर सारख्या खुणा असतील तर नवा पिस्टन घट्ट बसवला होता किंवा थंड इंजिन लगेच पिटाळलं. टू-स्ट्रोकचं टायमिंग टीडीसीच्या (पिस्टनच्या सगळ्यात वरच्या जागेच्या) आधी किती मिलिमीटर असं मोजतात, प्लगच्या भोकात डायल गेज घालून. पॉइंटचा गॅप आधी लावा (बहुतेकांत 0.4 मिलिमीटरच्या आसपास) आणि मग टायमिंग. उलट क्रमाने केलं तर गॅप बदलताना टायमिंगही हलतं.

स्टार्टर आणि डायनॅमो मिळून झालेलं ते यंत्र म्हणजे डायनास्टार्ट. इसेटा, गोगोमोबिल, मेसरश्मिट तिघींत आहे. त्याचा आर्मेचर (फिरणारा भाग) थेट क्रँकच्या टोकावर बसतो, वेगळं बेअरिंग नाही. याचा एक मोठा फायदा तपासणीत होतो. आवरण काढून आर्मेचरचा बाहेरचा पृष्ठभाग टॉर्चने नीट बघा. एका बाजूला घासल्याच्या चकचकीत रेघा असतील आणि समोरच्या पोलवरही (भोवतीच्या स्थिर चुंबकी भागावरही) तशाच खुणा असतील, तर क्रँकचं मेन बेअरिंग झिजून क्रँक डगडगतो आहे. विद्युत भाग बघता बघता इंजिनाचं सगळ्यात महाग दुखणं असं पाच मिनिटांत कळतं.

स्टार्टर आळसावला की लोक आधी बॅटरी बदलतात. डायनास्टार्ट करंट खूप ओढतो, त्यामुळे तो मंद व्हायला सैल अर्थिंगही पुरतं. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी आणि तिची बैठक घासून साफ करा. त्यानंतर ब्रश आणि ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर बघा. ताशी 40 च्या वेगाला चार्जिंगचा दिवा विझत नसेल तर बहुतेक वेळा तिथेच किंवा रेग्युलेटरच्या पॉइंटवर कारण असतं.

फियाट 500 फोर-स्ट्रोक आहे, म्हणून तिची दुखणी वेगळी. 1957 च्या पहिल्या गाडीचं इंजिन 479 सीसी, दोन सिलिंडर, हवेने थंड होणारं, 13 अश्वशक्तीचं. यात बदलायचा ऑइल फिल्टर नाही. क्रँकच्या पुलीतच घाण भोवऱ्याने बाहेर फेकून साठवणारी पोकळी आहे, ती इंजिन खोललं की साफ करायलाच हवी. ऑइल दर 3,000 किलोमीटरच्या आत बदला. व्हॉल्व्हचा गॅप थंड इंजिनवर 0.15 मिलिमीटर. थंड करणारा पंखा डायनॅमोच्याच दांड्यावर आणि एकाच पट्ट्यावर आहे, म्हणून या गाडीत लाल चार्जिंग दिवा म्हणजे ‘घरी गेल्यावर बघू’ नव्हे. दिवा लागला की लगेच थांबा. पट्टा तुटला असेल तर हवा बंद झाली आहे आणि इंजिन काही मिनिटांत शिजेल. हीटरची हवा इंजिनाभोवतूनच येते, त्यामुळे आत जळक्या ऑइलचा किंवा धुराचा वास आला तर हेड गॅस्केट आणि पुशरॉडच्या नळ्यांचे सील तपासेपर्यंत हीटर बंद आणि काचा उघड्या ठेवा. यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, आणि त्याला स्वतःचा वास नसतो.

फियाटच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश (गिअर टाकताना दोन भागांचा वेग जुळवणारी सोय) नाही. खालचा गिअर टाकताना क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, अ‍ॅक्सिलरेटरला हलका झटका द्या, पुन्हा क्लच दाबून गिअर टाका. हे न करता ढकलत राहिलेल्या गाडीत दुसऱ्या गिअरचे दात गोल झालेले असतात. चाचणीत तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडा. गिअर उडून न्यूट्रलला आला तर गिअरबॉक्स उघडायचाच आहे. मिनीत गिअरबॉक्स इंजिनाच्या सम्पमध्येच (खालच्या ऑइलच्या भांड्यात) असल्याने दोघांना एकच ऑइल, म्हणून तिथेही ऑइल लवकर बदलावं लागतं. डिस्ट्रिब्युटर (प्लगना वीज वाटणारा भाग) पुढच्या जाळीमागे आहे. पावसात गाडी मिसिंग करू लागली तर पहिली नजर तिथे.

ब्रेकबाबत तडजोड नको. केआर 200 चे ब्रेक केबलचे आहेत, इसेटा आणि फियाटचे हायड्रॉलिक पण एकाच सर्किटचे, म्हणजे एक पाइप फुटला की सगळेच ब्रेक गेले. गाडी कितीही चांगली दिसो, रबरी होज, व्हील सिलिंडरचे रबर आणि ब्रेक फ्लुइड नवंच घाला. टायर बदलताना आणखी एक गोष्ट: यातल्या काही गाड्यांची रिम दोन अर्ध्या भागांची, बोल्टने जोडलेली असते. बोल्ट सोडण्याआधी ट्यूबची हवा पूर्ण काढा. भरलेल्या टायरवर ते बोल्ट सोडले तर रिमचा अर्धा भाग जोरात उडतो.

रोज चालवता येईल का? गावातल्या, ताशी 50 च्या रस्त्यावर, फियाट आणि मिनी हो. इसेटा आणि गोगोमोबिल सांभाळून. महामार्गावर नको, कारण आजच्या ट्रकचा ड्रायव्हर या उंचीची गाडी आरशात शोधत नाही, आणि पुढे-मागे धडक शोषणारं काही नाही. शिवाय वजनाचं गणित वेगळं आहे. 230 किलोच्या केआर 200 मध्ये 70 किलोची दोन माणसं बसली की गाडीचं ओझं निम्म्याहून जास्त वाढतं. एकटे असताना लावलेला ब्रेक आणि टायरची हवा दोघांना पुरत नाही, म्हणून चाचणी नेहमी दोघं बसून घ्या.

खूप वर्षं बंद असलेली गाडी घरी आणलीत तर स्टार्टर मारायची घाई करू नका. प्लग काढा, 10 मिली पातळ ऑइल आत सोडा, एक रात्र जाऊ द्या. मग वरच्या गिअरमध्ये टाकून गाडी हळू ढकला किंवा फ्लायव्हीलच्या नटावर पाना लावून हाताने फिरवा. जोर लावूनच फिरत असेल तर थांबा आणि हेड काढा. टाकी उतरवून धुवा, कॉकची जाळी आणि कार्बोरेटरचे जेट उघडा, जुने रबरी पाइप फेकून द्या; आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने ते फुगतात आणि त्यांचे कण जेटमध्ये अडकतात.

सुरू झाल्यावर पहिल्या 200 किलोमीटरमध्ये हेडचे नट इंजिन थंड असताना पुन्हा टॉर्कला आवळा, इसेटाच्या चेनकेसमधलं ऑइल बघा आणि प्लगचा रंग वाचा. त्यासाठी एखादा किलोमीटर भरल्या थ्रॉटलने गाडी पळवा, मग क्लच दाबून त्याच क्षणी इग्निशन बंद करा आणि बाजूला थांबून प्लग काढा. कॉफीसारखा तपकिरी असेल तर जेट बरोबर. काळा आणि ओला असेल तर मिश्रण जड आहे, ते निवांत दुरुस्त केलं तरी चालेल. पांढुरका दिसला तर त्या दिवशी गाडी ढकलत किंवा टेम्पोतून घरी न्या, आणि हवा कुठून ओढली जाते ते सापडेपर्यंत पुन्हा सुरू करू नका.